फळबागेतला कोळी आणि ओव्याचे फूल

‘नैसर्गिक’ या शब्दाला अलीकडे फार भाव आला आहे. साबण नैसर्गिक, केसांचा रंग नैसर्गिक, आणि आता पिकांवर मारायची औषधेही नैसर्गिक. वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी फळझाडांवरचे कोळी मारता येतात, हे ऐकून आपल्यातले काही जण हरखून जातात, तर काही जण ‘हे सगळे आजीबाईच्या बटव्यातले’ म्हणून नाक मुरडतात. मला वाटते, दोघेही घाई करतात. हा प्रश्न भक्तीचा नाही, थट्टेचाही नाही. तो मोजमापाचा आहे, आणि मोजमाप करण्याची जागा म्हणजे महाविद्यालय. म्हणून या अंकासाठी हा विषय निवडला.

प्रथम कोळी म्हणजे काय ते पाहू. कोळी म्हटले की आपल्याला कोपऱ्यातले जाळे आठवते. बागेतला कोळी त्याच गोतातला, म्हणजे आठ पायांचा. तो कीटक नव्हे, आणि या फरकाला महत्त्व आहे, कारण पुष्कळ कीटकनाशके त्याला लागूच पडत नाहीत. द्राक्ष, पपई, अंजीर यांच्या पानांखाली राहणारा लाल कोळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. संत्र्यावरचा गंजकोळी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना ‘नुसी’ म्हटले की लगेच उमगेल. नारळावरच्या ‘नुसी’ने कर्नाटकात जो कहर केला तो त्यांनी पाहिला आहे. हा प्राणी पानाच्या वा सालीच्या पेशींत सुया खुपसून रस ओढतो. उन्हाळ्यात लाल कोळ्याची अंड्यापासून अंड्यापर्यंतची एक पिढी आठवड्याभरात उरकते, एक मादी शंभरावर अंडी घालू शकते, आणि नर भेटला नाही तरी अडत नाही. अफलित अंड्यांतून नर निपजतात. चक्रवाढ व्याजाचे गणित शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहतो. मालवा मिल, हुकूमचंद मिल यांच्या भोंग्यांवर चालणारी ही वस्ती होती. हुकूमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, पण वस्तीचा बाजार अजून कामगारांच्या खिशाला धरूनच आहे. आगर-माळवा आणि शाजापूरकडची संत्री चोइथराम मंडईत उतरतात. चकचकीत माल कुठे कुठे निघून जातो, आणि तपकिरी सालीची, जणू गंज चढलेली संत्री आमच्याकडच्या हातगाड्यांवर येतात. विदर्भातले बागाईतदार या रोगाला ‘लाल्या’ म्हणतात. तो रोग नव्हे, गंजकोळ्याने सालीतले तैलकोश फोडल्याची ती खूण. फळ थोडे लहान राहते, लवकर सुकते, साल कडक होते. पण आतल्या फोडी खाऊन पाहा. बहुतेक वेळा त्यांत काहीही वावगे नसते. परदेशीपुऱ्यातल्या बायका हे जाणतात आणि भाव पाडून अशी संत्री खुशाल घेतात.

आता विचार करा. या सालीच्या रंगासाठी बागेत किती फवारण्या होतात? पेठेत चकचकीत फळाला दाम आहे, गंजलेल्याला नाही; म्हणून बागाईतदार फवारतो. त्याला दोष देता येत नाही. परंतु जो ग्राहक फळ निव्वळ डोळ्यांनी पारखतो, तोच घरी जाऊन ‘फळांवर किती विष असते हो!’ म्हणून हळहळतो, हे काही मला पटत नाही. कोळ्यांच्या निम्म्या समस्येचे मूळ आपल्या नजरेत आहे. उरलेली निम्मी मात्र खरी आहे: पाने करपवून झाडाची ताकद खाणारा, घडांचा दाणा पोसू न देणारा कोळी हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईवरचा घाला असतो, आणि त्याला तोंड द्यावेच लागते.

तोंड कशाने द्यायचे? गंधक हे जुने आणि अजूनही उपयोगी औषध. पण कडक उन्हात ते पाने भाजते. नंतर आले डायकोफॉल. डीडीटीपासून बनणारे हे कोळीनाशक कित्येक वर्षे आपल्याकडे सर्रास वापरले गेले. 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचे नाव चढले आणि 2023 मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. त्यानंतरची औषधे जास्त नेमकी आहेत, महागही आहेत, आणि लाल कोळी त्यांतल्या एकेकाला पचवायला शिकतो. जगातील सर्वाधिक औषधांना दाद न देणाऱ्या किडींच्या यादीत या कोळ्याचे नाव अगदी वर आहे. शिवाय पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके दुसऱ्याच किडीसाठी मारली, तर कोळ्यांना खाणारे भक्षक कोळी आणि इवलेसे काळे ढालकिडे आधी मरतात, आणि मग कोळ्यांना मोकळे रान मिळते. म्हणजे औषध मारल्यामुळे कीड वाढते! हे वाचून पुष्कळांना विरोधाभास वाटेल. बागेत काम करणाऱ्याला तो रोजचा अनुभव आहे.

आणि फवारणाऱ्या माणसाचे काय? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते कापसाचे शेत होते, फळबाग नव्हे. परंतु पाठीवरचा पंप तोच आणि तोंडावरचा फडकाही तोच. द्राक्षांच्या बाबतीत 2010 मध्ये युरोपने क्लोरमेक्वाटच्या अवशेषांवरून आपला माल अडवला, तेव्हा केवढी ओरड झाली! ते औषध कोळ्यांसाठीचे नव्हते, वेलीची वाढ आवरण्यासाठीचे होते. पण अवशेष म्हणजे काय हे त्यामुळे घराघरांत कळले. युरोपातल्या ग्राहकाच्या जिभेवर जाणाऱ्या अवशेषाची जेवढी चर्चा झाली, तेवढी फवारणाऱ्याच्या फुप्फुसात जाणाऱ्या औषधाची होत नाही, हे मला लाजिरवाणे वाटते. सुगंधी तेलांकडे पाहण्याचे माझे पहिले कारण हे आहे. ‘निसर्ग’ हे नव्हे.

येथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. कडुनिंबाचे तेल आणि ओव्याचे तेल यांना एकाच माळेचे मणी समजतात. निंबोळीचे तेल हे शेंगदाण्याच्या तेलासारखे स्थिर तेल. कागदावर पडले तर डाग राहतो. ओवा, लवंग, गवती चहा, रोशा, निलगिरी यांची तेले बाष्पनशील. वाफेबरोबर ऊर्ध्वपातनाने निघतात, कागदावरून उडून जातात. दोघांचे काम करण्याचे मार्ग निराळे. स्थिर तेल कोळ्याला लपेटून गुदमरवते, आणि निंबोळीतले अझाडिरॅक्टिन त्याचे खाणे व वाढ बिघडवते. सुगंधी तेलातले थायमॉल, युजेनॉल, जिरॅनिऑल, सिट्रल यांसारखे पदार्थ त्याच्या मज्जासंस्थेवर चालतात, आणि तेही स्पर्शाने तसेच वाफेने. कासरगोडच्या केंद्रीय लागवड-पीक संशोधन संस्थेने नारळाच्या कोळ्यासाठी सुचवलेले मिश्रण या दोहोंचा मेळ घालते: एक लिटर पाण्यात 20 मिलिलिटर निंबोळी तेल, 20 ग्रॅम लसूण वाटून गाळलेला रस आणि 5 ग्रॅम साबण. 1998 च्या सुमारास केरळात एर्नाकुलमकडे दिसलेला हा कोळी थोड्याच वर्षांत कर्नाटक, गोवा, कोकण असा सरकत आला, तेव्हा हे साधे मिश्रण कितीतरी लोकांनी घरी केले. नारळाच्या झाडावर चढून देठाखाली फवारणे हे मात्र मिश्रण करण्याइतके सोपे नव्हते, हे सांगायलाच हवे.

आता ओव्याकडे वळतो, कारण येथे आमच्या माळव्याचा आणि तुमच्या दख्खनचा जुना व्यवहार दडलेला आहे. 1874 साली लंडनमध्ये निघालेल्या फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ या औषधी द्रव्यांवरील ग्रंथात नोंद आहे, की पुण्यात व दख्खनच्या इतर गावांतील दुकानांत ‘अजवाइन का फूल’ या नावाचे स्फटिक विकले जातात आणि ते उज्जैन व मध्य भारतात इतरत्र तयार होतात. ओव्याचे तेल थंडीत उघडे ठेवले की त्यातून हे खडे जमतात. हेच थायमॉल. उज्जैन इंदूरपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे आमच्या शेजारचे कारागीर थायमॉल वेगळे करून पुण्याच्या दुकानदाराला पाठवत होते! पुढे या ओव्याची पोती जर्मनीला जाऊ लागली आणि थायमॉल तिकडे निघू लागले. 1914 च्या महायुद्धाने तो व्यापार तोडला. आपण बी विकायचे आणि अर्क विकत घ्यायचा, ही आपली जुनी खोड.

या थायमॉलचा कोळ्यांवरचा सर्वांत खात्रीचा उपयोग फळझाडांवर नाही, मधमाश्यांच्या पेटीत आहे. व्हरोआ नावाचा कोळी मधमाशीच्या अंगाला चिकटून वसाहती संपवतो. युरोप-अमेरिकेतले मधुपालक पेटीत थायमॉल ठेवतात. त्याची वाफ हळूहळू पसरते, कोळी मरतो आणि माशी जगते. माझ्या मते या एका गोष्टीत सगळा विषय आहे. तोच पदार्थ दोघांनाही मारू शकतो. मधली फट अरुंद आहे, आणि ती फट साधली जाते मात्रेने व तापमानाने. ऊन चढले आणि वाफ जास्त झाली तर माश्या पेटी सोडून बाहेर बसतात. तेव्हा ‘वनस्पतिजन्य आहे, कितीही मारा’ असे म्हणणारा विक्रेता एक तर अजाण असतो किंवा लबाड.

असा एक मला एका कृषिप्रदर्शनात भेटला होता. बाटलीवर ‘कोळीनाशक, शंभर टक्के वनस्पतिजन्य’. कोणती वनस्पती, किती टक्के तेल, लिटरला किती घ्यायचे, कशाचाच पत्ता नाही. विचारले, तर म्हणाला, ‘‘साहेब, वास तर घेऊन बघा!’’ वास उत्तम होता. कायद्याने बाजारात विकायच्या कीटकनाशकाची 1968 च्या अधिनियमाखाली नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी पुरावा लागतो. हे बंधन काहींना जाचक वाटते. मला ते जरुरीचे वाटते. फक्त त्याचा भार कोणी उचलायचा एवढाच वाद आहे. अमेरिकेने 1996 मध्ये लवंग, रोझमेरी, पुदिना, गवती चहा अशा काही तेलांना नोंदणीतून सूट दिली. वाट मोकळी झाली, पण परिणामाचा पुरावा मागण्याची सक्तीही सैल झाली. युरोपने उलट वाट धरली, आणि संत्र्याच्या सालीच्या तेलाला 2013 मध्ये रीतसर तपासून संमती दिली. गंमत पाहा, ज्या सालीवरून आपले संत्रे नापास होते, त्याच सालीतले तेल तिकडे किडींवर औषध म्हणून पास झाले. आपण युरोपाचा मार्ग घ्यावा. पण खर्च लहान तेलभट्टीवाल्याने न करता विद्यापीठांनी करावा. कारण एखाद्या साध्या तेलावर कोणाची मक्तेदारी नसते, आणि जेथे मक्तेदारी नाही तेथे मोठी कंपनी प्रयोगाला पैसा घालत नाही.

तेलभट्टीवाला म्हटले ते उगीच नव्हे. निमाड, खानदेश, बैतूल, अमरावती या पट्ट्यात रोशा गवत, म्हणजेच रोहिष, डोंगरउतारावर आपोआप उगवते. डेगीत पाणी उकळून त्याचे तेल काढणे हा येथला जुना धंदा. हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या तेलात मिसळले जाई, म्हणून त्याला ‘तुर्की जिरेनियम’ असे भलतेच नाव पडले. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे जनरल क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या पठारावर त्याने या गवताचे बी गोळा केले होते. तेव्हा कन्नड वाचकांचाही या गवतावर थोडा हक्क आहेच. या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल असते, आणि जिरॅनिऑल कोळ्यांना मारक आहे, हे प्रयोगशाळांत दिसलेले आहे.

प्रयोगशाळेत दिसलेले बागेत का टिकत नाही, हाच मुख्य प्रश्न. तेल उडून जाते. दुपारच्या उन्हात मारले तर काही तासांतच त्याचा जोर ओसरतो. फळावर अवशेष राहत नाही हा त्याचा गुण, आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी काहीच उरत नाही हा त्याचा दोष. दोन्ही एकाच स्वभावाची अंगे आहेत. म्हणून फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूस, आणि अंडी फुटण्याचा हिशेब धरून पाच-सात दिवसांनी पुन्हा करावी लागते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून साबण वा अन्य मिश्रक हवा; तो नीट नसेल तर पंपातले पहिले पाणी नुसतेच पाणी आणि शेवटचे जळजळीत तेल. जळजळीत तेलाने कोवळी पालवी करपते, द्राक्षमण्यांवरचा पांढुरका मेणचट थर जातो, आणि तो गेला की मालाचा भाव गेला. गंधक मारल्यावर पंधरा दिवसांच्या आत तेल मारू नये, हेही बागाईतदाराला कोणी सांगत नाही.

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. एकरी 400 लिटर पाणी आणि लिटरला 5 मिलिलिटर तेल धरले, तर एका फवारणीला 2 लिटर तेल लागते. रोशा गवतातून अर्धा टक्का तेल निघते असे धरा. म्हणजे 2 लिटरसाठी सुमारे 350 ते 400 किलो गवत. दोन फवारण्यांना त्याच्या दुप्पट. सुगंधासाठी घेणारा गिऱ्हाईक ज्या भावाने हे तेल घेतो, त्या भावाने ते पानांवर उडवणे पुष्कळांना परवडणार नाही. म्हणून मला वाटते, अत्तराच्या लायकीचे तेल अत्तराकडेच जाऊ द्यावे. दुसऱ्या धारेचे, वासात कमी उतरलेले तेल बागेत वापरून पाहावे. त्यातही भेसळीची भीती आहेच. रोशाच्या तेलात टर्पेंटाइन, रॉकेल घालण्याची विद्या तेल काढण्याच्या विद्येइतकीच जुनी आहे, आणि रॉकेल मारलेले पान करपले तर बदनामी गवताची होणार.

इंदूरचे नाव शेतीच्या इतिहासात कोरले गेले ते कंपोस्टमुळे. 1924 ते 1931 या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड येथील वनस्पती-उद्योग संस्थेत होते. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी आणि यशवंत वाड यांनी 1931 च्या आपल्या पुस्तकात मांडली. हॉवर्डांचे म्हणणे असे होते, की कीड हा शत्रू नसून परीक्षक आहे. पीक कुठे चुकीचे वाढवले जात आहे ते ती दाखवून देते. सगळेच पटत नाही. निरोगी झाडावरही कोळी येतो, हे मी पाहिले आहे. पण लाल कोळ्याच्या बाबतीत ते बरेचसे खरे ठरते. नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत पानावर कोळ्याची मादी जास्त अंडी घालते, पाण्याचा ताण पडलेल्या झाडावर तो फोफावतो, आणि रस्त्याकडेच्या धुळीने माखलेल्या ओळीत तो सर्वांत आधी दिसतो. युरियाचे पोते कमी करणे, झाडावर पाण्याचा फवारा मारून धूळ धुणे आणि भक्षक कोळ्यांना मारणारी औषधे टाळणे, एवढे केल्यावर तेल हाती घ्यावे. विषाच्या जागी सुगंधी तेल आणि बाकी शेती होती तशीच, याला मी सुधारणा म्हणणार नाही.

आता आपल्या महाविद्यालयांनी काय करावे? कोळ्यांवरच्या प्रयोगाला ना मोठे यंत्र लागते ना अनुदान. पेट्रीडिशमध्ये ओला कापूस, त्यावर घेवड्याच्या पानाची चकती उलटी ठेवायची, बारीक कुंचल्याने 20 प्रौढ माद्या सोडायच्या. तेलाच्या चार मात्रा, एक चकती नुसत्या साबणपाण्याची, एक साध्या पाण्याची. साबणपाण्याची चकती विसरली जाते, आणि मग साबणाचे श्रेय तेलाला मिळते. 24 आणि 48 तासांनी कुंचला टेकवून पाहायचे, पाय हलवला तर जिवंत. तेलाच्या चकत्या आणि पाण्याच्या चकत्या एका बंद खोलीत ठेवू नयेत, कारण वाफ शेजारी जाते आणि पाण्यातलेही कोळी मरतात. प्रत्येक मात्रेचे पाच तरी संच करावेत, आणि त्याच मात्रांनी भक्षक कोळ्यांचे काय होते तेही मोजावे; ते जास्त मरत असतील तर तो निकालही तितकाच मोलाचा.

मार्चमध्ये परीक्षांच्या धांदलीत लाल कोळी भरपूर सापडतो, डिसेंबरमध्ये शोधावा लागतो. तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस सुरुवात करणे सोयीचे. ओवा वाण्याकडे मिळतो, काचेचे ऊर्ध्वपातनपात्र रसायनशास्त्र विभागात असतेच, आणि 100 ग्रॅम ओव्यातून दोन-चार ग्रॅम तेल निघते. चकत्यांच्या प्रयोगाला तेवढे वर्षभर पुरेल. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही विभागांचे विद्यार्थी एका टेबलाशी बसवावे लागतील, ही अडचण मात्र थोडी कठीण आहे. आकडे आले की ते दोन्ही विभागांत छापावेत, मराठीत ‘ओवा’ आणि कानडीत ‘ओम’ म्हणून, आणि ज्या मात्रेने काही झाले नाही ती मात्रा गाळू नये.